फांगजी : ब्रसेल्समधल्या एका चुकीच्या मुळीचं प्रकरण

1992 साली बेल्जियममधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांपुढे दोन तरुण बायका आल्या. दोघींची मूत्रपिंडं झपाट्यानं निकामी होत होती आणि कारण काही केल्या सापडत नव्हतं. मधुमेह नाही, जुना रक्तदाब नाही, वेदनाशामक गोळ्यांची सवय नाही, घराण्यात कुणाला असा आजार नाही. लघवीच्या साध्या तपासणीत घाबरावं असंही फारसं काही दिसत नव्हतं. मग चौकशी करताना एक गोष्ट जुळली : दोघींनी वजन कमी करण्यासाठी शहरातल्या एकाच दवाखान्याचे उपचार घेतले होते.

ब्रसेल्सच्या फ्रेंच भाषिक मुक्त विद्यापीठातले झाँ-लुई व्हानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून शोध सुरू केला. शहरातल्या बाकीच्या मूत्रपिंड विभागांत चौकशी झाली आणि पन्नाशीच्या आतल्या आणखी सात जणी सापडल्या. त्यांनीही तेच उपचार घेतलेले. या नऊ जणींची हकीकत 1993 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे बेल्जियममधल्या अशा रुग्णांचा आकडा शंभरापलीकडे गेला. बहुतेक सगळ्या बायकाच, कारण वजन उतरवायला त्या दवाखान्यात बायकाच जात होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी डायलिसिसवर गेल्या किंवा त्यांना मूत्रपिंड प्रत्यारोपण करून घ्यावं लागलं.

हे प्रकरण दोन सोप्या रूपांत सांगितलं जातं. पहिलं रूप म्हणजे ‘चिनी जडीबुटीनं विषबाधा झाली’, आणि दुसरं ‘मुळी बदलली गेली, बाकी काही नाही’. दोन्ही सांगणाऱ्यांना सोयीची आहेत. खोलात गेलं की दोन्ही अपुरी पडतात.

कॅप्सूलमध्ये काय होतं

दवाखाना काही नवा नव्हता. सुमारे पंधरा वर्षं तो याच प्रकारचे उपचार देत होता आणि त्या काळात मूत्रपिंडाची अशी तक्रार समोर आली नव्हती. उपचाराचा मसाला मात्र साधा म्हणता येणार नाही. भूक मारणारी फेनफ्लुरामिन आणि डायइथिलप्रोपिऑन, लघवी वाढवणारं ॲसिटाझोलामाइड, जुलाबासाठी कास्कारा, शिवाय बेलाडोना या वनस्पतीचा अर्क आणि मन शांत करणारं मेप्रोबामेट. जोडीला कातडीखाली इंजेक्शनं. ही यादी वाचली की वाटतं, संशय घ्यायला यातलं कुठलंही औषध पुरेसं आहे. फेनफ्लुरामिन तर पुढे 1997 साली हृदयाच्या झडपांवरच्या दुष्परिणामांमुळे बाजारातून गेलंच.

पण संशोधकांनी प्रश्न बरोबर ठिकाणी लावला. औषधं पूर्वीपासून तीच होती, मग आजार आत्ताच का आला? उत्तर कागदोपत्री होतं. मे 1990 मध्ये मिश्रण बदललं होतं आणि त्यात दोन चिनी वनस्पतींची पूड आली होती. एक मॅग्नोलिया ऑफिसिनालिसची, दुसरी स्टेफानिया टेट्रांड्राची. रुग्णांच्या तारखा या बदलाच्या मागे जातच नव्हत्या.

यातली स्टेफानिया म्हणजे चिनी वैद्यकातली ‘फांगजी’. अंगावरची सूज उतरवायला, सांधेदुखीला ती शेकडो वर्षं वापरात आहे. चीनच्या हान राजवटीतला प्राचीन वैद्य चांग चोंगचिंग याच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध योगांपैकी एकाचं नावच ‘फांगजी हुआंगची काढा’ आहे. त्यात फांगजीबरोबर हुआंगची, पायचू आणि ज्येष्ठमध असतो. काढा, तोही रुग्ण पाहून आणि ठरावीक दिवसांपुरता. वजन उतरवण्यासाठी ही मुळी दळून महिनोन् महिने, विलायती गोळ्यांच्या जोडीनं द्यावी, ही काही त्या परंपरेची रीत नाही. पाणी उतरवणारी मुळी चरबीही उतरवेल, असाच काहीसा हिशेब करून ती त्या कॅप्सूलमध्ये गेली असावी, असं मला वाटतं. तिथे परंपरेचं नाव होतं, परंपरेची रीत नव्हती.

आधी पेशी बोलल्या

मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दिसलेलं चित्र डॉक्टरांच्या नेहमीच्या अनुभवातलं नव्हतं. रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुंते बऱ्यापैकी शाबूत होते. नासधूस त्यांच्या पुढच्या नळ्यांमध्ये होती. नळ्या सुकलेल्या, आणि दोन नळ्यांमधली जागा जून, तंतुमय ऊतीनं भरलेली. दाहाच्या पेशी फारच थोड्या. नुकसान मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात जास्त आणि आत जावं तसं कमी होत गेलेलं.

गाळणी शाबूत असल्यामुळेच लघवीत मोठी प्रथिनं किंवा रक्त उतरत नाही आणि नेहमीची पट्टी बुडवून केलेली तपासणी फसवते. आत लहान आकाराची प्रथिनं गळत असतात, रक्तातली साखर ठीक असतानाही लघवीत साखर सापडते, आणि मूत्रपिंड जितकं बिघडलंय त्या मानानं रक्तक्षय जास्त असतो. रक्तदाब पुष्कळदा साधारणच. थोडक्यात, बाई डॉक्टरकडे जाते ती थकवा घेऊन आणि तोवर पुष्कळसं मूत्रपिंड गेलेलं असतं. कॅप्सूल बंद केली तरी आजार थांबत नाही, हा त्यातला सगळ्यांत क्रूर भाग. स्टिरॉइड देऊन काही जणींमध्ये घसरणीचा वेग कमी करता आला, एवढंच.

नळ्यांचं हे चित्र कुणाला तरी ओळखीचं वाटलं. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, म्हणजे आजच्या सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया आणि रुमानियातल्या ठरावीक खेड्यांत, शेतकरी कुटुंबांमध्ये मूत्रपिंडाचा असाच एक गूढ आजार 1950 च्या दशकापासून नोंदला गेला होता. एका गावात घरंच्या घरं आजारी, शेजारच्या गावात कुणी नाही. पाण्यापासून बुरशीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस नावाचं तण वाढतं, त्याच्या बिया गव्हाबरोबर दळल्या जातात आणि पावात जातात, हा तर्क 1969 साली मांडला गेला होता, पण तो बराच काळ बाजूला पडून राहिला. ब्रसेल्सच्या बायकांनी त्याला पुन्हा उजेडात आणलं.

स्टेफानियात नसलेलं आम्ल

आता रसायनशास्त्र. स्टेफानिया टेट्रांड्रा आपल्या गुळवेलीच्या कुळातली. तिची ओळख पटवणारं अल्कलॉइड म्हणजे टेट्रांड्रिन. पूड खरोखर स्टेफानियाची असेल तर टेट्रांड्रिन सापडायला हवं. बेल्जियममध्ये स्टेफानिया म्हणून विकल्या गेलेल्या पुडीचे नमुने तपासले तर बहुतेकांमध्ये त्याचा पत्ता नव्हता. सापडलं ते ॲरिस्टोलोकिक आम्ल, जे स्टेफानियात नसतंच. हे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. कॅप्सूलमध्ये होती ती ॲरिस्टोलोकिया फांगची, वेगळ्याच कुळातली वेल.

घोटाळा कसा झाला, ते चिनी बाजार माहीत असला तर लगेच कळतं. फांगजी या एका नावाखाली एकाहून अधिक मुळ्या विकल्या जात होत्या. स्टेफानियाची ती हान फांगजी. ग्वांगतोंग आणि ग्वांगशी या दक्षिणेकडच्या प्रांतांतून येणारी ॲरिस्टोलोकियाची ती ग्वांग फांगजी. चीनच्या औषधसंहितेत दोघींची नोंद वेगवेगळी होती, पण वापरताना एकीच्या जागी दुसरी चालवून घेण्याची रीत होती. म्हणजे चीनमधून माल पाठवणाऱ्यानं ‘फांगजी’ मागितली म्हणून फांगजीच दिली असेल, आणि ब्रसेल्समध्ये घेणाऱ्यानं पिशवीवर स्टेफानिया टेट्रांड्रा लिहून टाकलं असेल, तर त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नसेल.

मुळ्या अख्ख्या असत्या तर जाणत्या दुकानदारानं त्या वेगळ्या ओळखल्या असत्या. स्टेफानियाची मुळी जड, पिठूळ आणि वाकडीतिकडी, तिच्यावर खोल आडव्या खाचा. ॲरिस्टोलोकियाची जास्त लाकडी आणि रेषाळ. पण दोन्ही दळल्यावर उरते ती फिकट रंगाची पूड. कॅप्सूलवाल्याच्या हातात पोचेपर्यंत डोळ्यांनी, नाकानं, जिभेनं पारख करणारे सगळे लोक साखळीतून गळालेले होते आणि त्यांच्या जागी प्रयोगशाळा आलेली नव्हती. मला हे या प्रकरणाचं मर्म वाटतं. जुन्या व्यवहारात निदान पारखी होता. आधुनिक औषधउद्योगात प्रत्येक घाण्याची (बॅचची) रासायनिक चाचणी होते. वनस्पतिजन्य पूड मात्र दोन्हींच्या मधल्या फटीतून सुटली. आणि ती चाचणी काही महागडी नव्हती. ॲरिस्टोलोकिक आम्ल पातळ थराच्या वर्णलेखनानंही (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) पकडता येतं, जे औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिकात करतात.

1992 संपता संपता बेल्जियमनं स्टेफानिया बाजारातून काढली. काढायची होती ॲरिस्टोलोकिया, हे तेव्हा नीट कळायचं होतं.

हे आधी माहीत नव्हतं का

होतं. म्हणूनच ‘नुसती अदलाबदल’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. चीनमध्ये 1964 सालीच ॲरिस्टोलोकियाच्याच दुसऱ्या एका जातीनं, ग्वान मूथोंगनं, दोन रुग्णांची मूत्रपिंडं बंद पडल्याची नोंद एका प्रांतीय वैद्यक नियतकालिकात आली होती. पश्चिम जर्मनीनं 1981 साली ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली औषधं बंद केली, कारण उंदरांमध्ये त्यानं कर्करोग होतो हे दिसलं होतं. ब्रसेल्सपासून जर्मनीची सरहद्द काही तासांवर. दहा वर्षांत ही माहिती तेवढं अंतर ओलांडू शकली नाही.

आणि समजा पिशवीवरचं नाव बरोबर असतं, ‘ॲरिस्टोलोकिया फांगची’ असंच लिहिलेलं असतं, तरी मूत्रपिंडं गेलीच असती. चीन, तैवान, हाँगकाँगमध्ये लोक ग्वांग फांगजी आणि ग्वान मूथोंग जाणूनबुजून घेत होते. तिथे कुणाची फसवणूक नव्हती. ‘लोंगदान श्येगान’ या खूप खपणाऱ्या गोळ्यांमध्ये ग्वान मूथोंग होतं. मूळ योगात वापरायची ती मूथोंग वेगळ्याच, निरुपद्रवी वेलीची. काळाच्या ओघात ॲरिस्टोलोकियानं तिची जागा घेतली. ब्रिटनमध्ये 1999 साली इसबावर चिनी औषध घेणाऱ्या दोघींची मूत्रपिंडं अशीच गेली, तिथेही पुडीत मूथोंगच्या नावाखाली ॲरिस्टोलोकिया. फ्रान्समध्येही वजनाच्याच कॅप्सूलमुळे रुग्ण सापडले होते.

युरोपला मात्र या सगळ्याला ‘चिनी’ म्हणण्याचा फारसा हक्क नाही. ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस बाळंतिणीसाठी म्हणून युरोपात ग्रीकांच्या काळापासून वापरात होती. ‘चिनी वनौषधी मूत्रपिंडविकार’ हे सुरुवातीचं नाव पुढे बदलून ‘ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडविकार’ झालं. बाल्कनच्या पावातलं तण आणि ब्रसेल्सची कॅप्सूल एकाच नावाखाली आली, ते बरंच झालं.

कर्करोग

मूत्रपिंडं गेली, डायलिसिस सुरू झालं, काहींना नवं मूत्रपिंड मिळालं. इथे गोष्ट संपली असती तरी ती पुरेशी वाईट होती. पण 1994 पासून या रुग्णांमध्ये मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग दिसू लागला. 1996 साली जर्मन संशोधकांना त्यांच्या मूत्रपिंडांच्या पेशींत ॲरिस्टोलोकिक आम्ल थेट डीएनएला चिकटलेलं सापडलं.

ते कसं घडतं, हे आता बरंच उलगडलंय. नळीच्या पेशी हे आम्ल रक्तातून आपल्या आत ओढून घेतात, कारण नको असलेली आम्लं शरीराबाहेर काढणं हे त्यांचं कामच आहे. आत गेल्यावर पेशीतली विकरं (एन्झाइम) त्याचं अशा रेणूत रूपांतर करतात जो डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी ॲडेनिनला जाऊन चिकटतो. दुरुस्ती यंत्रणेच्या नजरेतून तो बऱ्याच वेळा सुटतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पेशी विभागताना ॲडेनिनच्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर बसतं. हा बदल इतका खास आहे की गाठीच्या डीएनएतला नमुना वाचून, रुग्णाला आठवत नसलं तरी, त्याच्या पोटात कधीतरी ॲरिस्टोलोकिया गेली होती असं आता सांगता येतं. बाल्कनच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत हाच पुरावा 2007 साली मिळाला आणि अर्धशतकाचं कोडं सुटलं.

ब्रसेल्समध्ये झोएल नॉर्तिए आणि सहकाऱ्यांनी एक कठीण निर्णय घेतला. डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना त्यांनी सुचवलं की निकामी झालेली आपली मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकाव्यात. 39 जण तयार झाले. काढलेल्या अवयवांच्या तपासणीत 18 जणांमध्ये कर्करोग निघाला. उरलेल्या 21 पैकी 19 जणांच्या अस्तरात कर्करोगाआधीचे बदल होते. पूर्ण निरोगी अस्तर फक्त दोघांचं. मुळीच्या पुडीची एकूण मात्रा 200 ग्रॅमच्या वर गेलेल्या 15 जणांपैकी 10 जणांना कर्करोग होता, त्याखालच्या 24 पैकी 8 जणांना. हा अभ्यास 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि त्यानंतर जगभरच्या औषध नियामकांची हालचाल सुरू झाली.

मूत्राशय जागेवर राहतं, त्यामुळे धोका पूर्ण जात नाही. कॅप्सूल बंद करून कित्येक वर्षं लोटल्यावर काही जणांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. म्हणून या रुग्णांची दुर्बिणीनं नियमित तपासणी करत राहावी लागते.

एक शंका मात्र बराच काळ रेंगाळली. त्या दवाखान्याचे उपचार साधारण दीड-दोन हजार लोकांनी घेतले होते आणि आजारी पडले ते सुमारे पाच टक्के. मग बाकीचे कसे वाचले? भूक मारणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांनी विषाला हात दिला का, असंही विचारलं गेलं. सशांना आणि उंदरांना नुसतं ॲरिस्टोलोकिक आम्ल देऊन तसाच आजार उभा करून दाखवला गेला, तेव्हा मुख्य आरोपी ठरला. बाकीचा फरक घेतलेल्या मात्रेचा, प्रत्येक पोत्यातल्या आम्लाच्या कमीजास्त प्रमाणाचा, आणि बहुधा माणसामाणसातल्या विकरांच्या वेगळेपणाचा. ‘इतक्या लोकांनी घेतलं, त्यांना काही झालं नाही’ हा युक्तिवाद वनौषधींच्या बाबतीत आपल्याकडेही रोज ऐकू येतो. इथे शंभरातल्या पंचाण्णवांना काही झालं नव्हतं.

तैवान, चीन, आणि आपण

तैवानमध्ये विमा योजनेच्या नोंदी होत्या, त्यामुळे व्याप्ती मोजता आली. 1997 ते 2003 या काळात तिथल्या साधारण एकतृतीयांश लोकांच्या चिठ्ठ्यांवर ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकणारी औषधं आलेली होती. 2003 साली तैवाननं बंदी घातली. चीननं त्याच वर्षी ग्वान मूथोंग आणि 2004 साली ग्वांग फांगजी बाद केली. आता चिनी औषधसंहितेत फांगजी म्हटलं की फक्त स्टेफानिया टेट्रांड्रा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ॲरिस्टोलोकिया असलेल्या औषधांना 2002 सालीच माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं होतं, पुढे खुद्द आम्लालाही.

आपल्याकडे ॲरिस्टोलोकिया इंडिका आहे. सापसंद किंवा ईश्वरी म्हटली तर कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर ओळखणारे पुष्कळ भेटतील. सापविंचवाच्या दंशावर तिची मुळी उगाळून देण्याची जुनी रीत आहे. ॲरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा, म्हणजे किडामार, जंतांवर देतात. दोन्हींत हेच आम्ल असतं. सह्याद्रीतली काही मोठी फुलपाखरं सापसंदवरच अंडी घालतात. त्यांच्या अळ्या पानांतलं आम्ल अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना सोडून देतात. पक्ष्यांना जे कळलं ते आपल्याला कळायला प्रयोगशाळा लागली. वेल जंगलात राहू द्यावी, फुलपाखरांसाठी लावावीसुद्धा. पोटात घेऊ नये.

गुळवेलीबद्दल 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. त्या वादाचा निकाल इथे लावायचा नाही. पण आक्षेप मान्य केला, तर तोच नियम विकणाऱ्यालाही लागू व्हायला हवा : पुडीतली वनस्पती कोणती, हे आजार झाल्यावर डॉक्टरनं शोधायचं की पाकीट बंद करण्याआधी कंपनीनं?

ॲरिस्टोलोकिक आम्ल आजही बाजारातून पूर्ण गेलेलं नाही. चिनी वैद्यकात सर्दी-दुखण्यावर वापरली जाणारी शीशिन ही ॲरिस्टोलोकियाच्याच कुळातली वनस्पती आहे आणि ती चालू आहे. आधी तिचं अख्खं झाड वापरत. 2005 पासून औषधसंहितेनं फक्त मूळ आणि मूळखोड वापरायला परवानगी ठेवली, कारण पानांत आम्ल जास्त असतं.